नवऱ्याची सही

तलावाच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याच्या पलीकडे टांगे उभे राहत. तिथं तानाजीनं आपल्या बायकोला पाहिलं आणि तो जागीच थबकला. ठाण्याच्या कचेरीत तो कारकून होता. मधल्या सुट्टीत पान खायला म्हणून बाहेर पडला होता. हौसा या वेळी डोंबिवलीला, कोपरच्या आपल्या दोन खोल्यांत असायला हवी होती. तांदूळ निवडत, किंवा हल्ली तिला सवय लागली होती तशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती इथं झाडाखाली उभी होती. अंगावर लग्नकार्याला नेसायचं जांभळं लुगडं. शेजारी त्यांची घरमालकीण आवडाबाई, कोपरची मूळची आगरी बाई, टांगेवाल्याशी हात हलवून भांडत होती. आणि हौसा हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवून, लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी. तानाजी गुऱ्हाळाच्या गोणपाटाच्या आडोशाला सरकला. हाक मारायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. चरकाचे घुंगरू वाजत होते, उसाच्या चिपाडांचा आंबूस वास येत होता, आणि आपण चोरासारखे का उभे आहोत हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ती रडत असती तर तो धावत गेला असता. ती हसत होती म्हणून त्याला जाता आलं नाही. आपल्या घरातला दिवा दुसऱ्याच्या ओट्यावर जळताना दिसावा, तसं त्याला झालं. टांगा हलला, स्टेशनच्या दिशेनं गेला, तेव्हा तो बाहेर आला. पान खायचं राहूनच गेलं.

वर्ष होत आलं होतं, हौसानं आपलं अंथरूण आत, स्वयंपाकाच्या खोलीत, जयाच्या शेजारी नेलं होतं. "पोरगी मोठी व्हायला लागली. तिला एकटीला भ्या वाटतं," एवढंच ती म्हणाली होती. जया बाराची. तिला कधी कशाचं भय वाटलेलं तानाजीनं पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या रात्री हौसानं त्याचा हात बाजूला सारला होता. जोरानं नव्हे, अगदी हळू, भांड्यावरचं झाकण उचलून ठेवावं तसा. त्यानंही मग हात पुन्हा पुढे केला नव्हता. साताऱ्याकडच्या त्याच्या गावात पुरुष असा हात दोनदा पुढे करत नसत, असं तो स्वतःला सांगे. खरं म्हणजे गावातले पुरुष काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, चौदाव्या वर्षीच तो चुलत्याकडे कल्याणला आला होता. आत बांगड्या वाजत, कूस बदलल्याचा आवाज येई, आणि बाहेरच्या खोलीत तो छताच्या कौलांकडे पाहत पडून राही. तिला आपला वीट आला आहे. चाळिशी जवळ आली, केस गेले, कचेरीत बढती हुकली. एवढ्या गोष्टी झाल्यावर बायकोला वीट येणारच. हा विचार त्यानं इतक्या रात्री इतक्या प्रेमानं सांभाळला की शेवटी तो त्याला घरातल्या माणसासारखा वाटू लागला. त्या रात्रीपूर्वी कधीतरी, पहाटे न्हाणीघरात पाण्याचा आवाज ऐकून त्याला जाग आली होती. सकाळी दोरीवर चादर वाळत होती, एकटीच, बाकी धुणं नाही. त्यानं ती पाहिली होती आणि नजर वळवली होती.

नजर वळवायला तो फार लहानपणी शिकला होता. आई महिन्यातून काही दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बसे, कुणाला शिवत नसे. एकदा ती उठून गेल्यावर तिच्या जागेवरचा डाग पाहून त्यानं आजोबांच्या देखत विचारलं होतं, "आये, तुला कुठं लागलं?" आईनं त्याच्या मुस्काटात मारली होती. ती त्याला कधी मारत नसे. गालाची जळजळ संध्याकाळपर्यंत गेली, पण आईच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं, लाज आणि त्याहून वेगळं काहीतरी, त्यानं त्याला पक्कं शिकवलं की बायकांच्या काही गोष्टी दिसल्या तरी दिसू द्यायच्या नसतात. पुढे आत्या माहेरी आली ती गोठ्यालगतच्या खोलीत निजून राहिली. त्या खोलीत ऊद जाळत, कडुलिंबाचा पाला टांगत, तरी एक वास दाराबाहेर यायचाच. कुणी विचारलं तर घरातले म्हणत, पोटाचा आजार. आत्या गेली तेव्हा त्याला वास गेल्याचं बरंच वाटलं होतं. या गोष्टीची त्याला कधी आठवणही होत नसे.

ठाण्याहून तो परत आला तेव्हा हौसा चुलीपुढे होती. जांभळं लुगडं घडी होऊन ट्रंकेत गेलं असावं. जेवताना त्यानं विचारलं, "आज कुठं गेली होतीस काय?" विचारताना आवाज साधा ठेवायचा त्यानं प्रयत्न केला होता. ती भाकरी उलटत म्हणाली, "कुठं जाणार? घरातच." आणि तानाजीला, हे त्याला नंतर किती तरी वेळा आठवलं, त्या क्षणी बरं वाटलं. वर्षभर ज्या रागाला आकार नव्हता त्याला आता आकार आला. ती खोटं बोलली. आता त्याला न बोलायचं कारण होतं, चांगलं भक्कम कारण. जेवण झाल्यावर तो चपला घालून मिठागरांच्या बांधावर फिरायला गेला. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात बगळे उभे होते. मिठाचे ढीग अंधारात उगाचच उजळ दिसत होते. अनेक महिने तो रोज इथं येई. घर नको वाटे म्हणून. आज त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण अन्याय झालेला माणूस आहोत, आणि या वाटण्यात एक गोडवा होता.

मग काही दिवस गेले. तो कचेरीतून घरी येई, तिनं दिलेला चहा घेई, जयाचा अभ्यास घेई. हौसा बारीक झाली होती. ते त्याला दिसलं नाही असं नव्हे. दिसलं, आणि त्याचाही त्यानं आपल्या सोयीचा अर्थ लावला. रविवारी दुपारी तो अंगणात दाढी करत बसला होता तेव्हा आवडाबाई आपल्या ओट्यावरून उतरून आली आणि त्याच्यासमोर पायरीवर बसली. "भाव, तो वस्तरा खाली ठेव," ती म्हणाली. "तुना सांगाचं हाय."

त्यानं अर्ध्या साबण लागलेल्या चेहऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तुजी बायको आजारी हाय. वरीस झाला, आंगावरशी लाल जातंय तिचे. पाळीचं नाय, मधीच. तुना ठावं हाय?"

तानाजीनं वस्तरा खाली ठेवला.

"नाय ठावं," आवडाबाई म्हणाली. ती चिडली नव्हती. विहिरीला पाणी आहे की नाही ते पाहून सांगावं तशी म्हणाली. "मी विहिरीवर बघतंय, रोज लुगडी येगली धुते, सगल्यांच्या आदी. म्हनून इचारलं. पयलं रडली, मंग सांगलं. ठान्याला डाक्टरीनबाई हाय, तिचेकं नेली तिला. तिनं आतला तुकडा काढून मुंबईला धाडलेला. आता त्याचं आयलं. पिशवीचे तोंडाशी खराब जखम हाय, म्हनते. परळला न्याची, लगीच."

"मला का नाही सांगितलं?" तानाजी म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला फार मोठा वाटला.

"तिकडं नवऱ्याची सही लागतं," आवडाबाई उठत म्हणाली. "माजी सही चालली असती तं आजून बी सांगलं नसतं."

ती गेली. गालावरचा साबण वाळून ताणत होता. खराब जखम. त्या शब्दांवरून त्याचं मन घसरून पुन्हा पुन्हा मागे जात होतं: पहाटेचं पाणी, दोरीवरची एकटी चादर, हळू बाजूला सारलेला हात. एकेक गोष्ट तीच होती, तसूभरही बदललेली नव्हती, आणि तरी आता तिच्यात दुसरंच काहीतरी दिसत होतं. ती त्याला दूर सारत नव्हती. ती त्याच्यापासून रक्त लपवत होती. त्यानं जवळ घेतलं की रक्त येई, म्हणून जवळ येऊ देत नव्हती. आणि तो, नवरा, बाहेरच्या खोलीत आपला अपमान कुरवाळत पडला होता. आत जाऊन तिच्याशी बोलावं म्हणून तो उठला. हौसा दारातच उभी होती; तिनं सगळं ऐकलं होतं. "तोंड धुवा," ती म्हणाली. "वाळलं सगळं." तो तोंड धुवायला गेला.

परळच्या इस्पितळात लांबच लांब बोळ होते आणि बोळांत बाकांवर बायका बसल्या होत्या, कुठून कुठून आलेल्या. काहींच्या शेजारी भाऊ, काहींच्या शेजारी सासू, काहींच्या शेजारी कुणीच नाही. तिथं तानाजीला तो वास आला. फिनेलच्या खालून, ऊद नसताना, कडुलिंब नसताना, गोठ्यालगतच्या खोलीतला तोच वास. समोरच्या बाकावरची एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, तिच्याकडून. त्याला आत्या आठवली, तिचा चेहरा नव्हे, तिच्या खोलीचं बंद दार. पोटाचा आजार. त्यानं वळून हौसाकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, तालुक्याच्या शाळेत परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. तिच्याजवळून फक्त धुतलेल्या लुगड्याचा वास येत होता.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. ते वयस्क होते, चष्म्यावरून पाहत बोलणारे. "कॅन्सर आहे," ते म्हणाले. "पण अगदी सुरुवातीचा, गर्भाशयाच्या तोंडापुरता. पसरलेला नाही. आत रेडियम ठेवू, मग काही दिवस बाहेरून किरणांचा शेक देऊ. बरी होईल असं मला वाटतं." आणि मग त्यांनी चष्मा काढला आणि तानाजीकडे मायेनं पाहिलं. "वेळेवर आणलंत हो यांना. बाहेर पाहिल्यात ना त्या बायका? दहांतल्या आठ अशा वेळी येतात की आम्ही काही करू शकत नाही. बाई बोलत नाही आणि घरात कुणी विचारत नाही. तुमच्यासारखं लक्ष ठेवणारा नवरा असला म्हणजे निम्मं काम होतं."

तानाजीला वाटलं, आता हौसा बोलेल. मग वाटलं, आपण बोलावं. साहेब, मी नाही आणलं. एवढेच शब्द होते, ते जिभेवर तयार होते. हौसा जमिनीवरच्या फरशीकडे पाहत होती. पंखा फिरत होता. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, बोटानं जागा दाखवली, आणि तानाजीनं मान किंचित लववून, कौतुक स्वीकारतात तशी, तिथं सही केली. त्याची सही कचेरीत वळणदार म्हणून प्रसिद्ध होती. तिथंही ती वळणदारच आली.

रेडियम ठेवलं तेव्हा तिला निपचित पडून राहावं लागलं, आणि जवळ कुणाला जाऊ देत नव्हते. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, नर्सनं बजावलं होतं. तानाजी दारात उभा राहिला. हौसा उताणी होती. मान वळवून त्याच्याकडे पाहत होती. खोलीत आणखी एक बाई होती, ती झोपली होती किंवा झोपल्यासारखी पडली होती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. एवढ्या अंतरावरून ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते, आणि एवढं बोललेही नव्हते.

"जया जेवती का?"

"आवडाबाईंकडे जेवते."

"दुखतंय," हौसा म्हणाली. "पण लई न्हाई." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्या दिवशी ठाण्याला मी पाहिलं तुमास्नी. गोणपाटामागं."

तानाजीनं दाराची चौकट धरली.

"डॉक्टरीनबाईनं तपासलं, तुकडा घेतला. मी लई भ्याले हुते आधी. आत गेले तर पाचच मिंटांत झालं, आणि आवडाबाई त्या टांगेवाल्याला म्हनली, बाईमानसाला घाई असती, घोड्याला न्हाई. मला हसूच आवरंना. सुटल्यावानी झालं हुतं. तवा तुम्ही दिसला." श्वास घेतल्यावर तिच्या चेहऱ्यावर वेदना आली आणि गेली. "म्हटलं, आता हाक मारतील. हाक मारली असती तर तिथंच सांगितलं असतं सगळं. तसं मनाशी ठरवलंच हुतं मी. पन तुम्ही मागं सरला."

"मला वाटलं..." तानाजी म्हणाला. त्याला काय वाटलं होतं ते त्या दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. हौसानं मान सरळ केली आणि छताकडे पाहू लागली.

ती बरी झाली. डॉक्टरांनी म्हटलं तशी झाली. शेक घेताना तिला उलट्या झाल्या, अन्न जाईना, कंबरेखालची कातडी काळवंडली. तानाजीनं रजा काढली आणि रोज तिला नेलं-आणलं. तिच्यासाठी मऊ भात करायला शिकला, तिचे कपडे विहिरीवर नेऊन धुतले. आवडाबाईच्या वाडीतल्या बायका पाहत राहिल्या, काही हसल्या. त्याला कशाचंच काही वाटलं नाही. वाटावं, तेवढी तरी शिक्षा व्हावी, अशी त्याची इच्छा होती. पुढे दर थोड्या महिन्यांनी परळला दाखवायला जायचं ते त्यानं एकदाही चुकवलं नाही. बोळातल्या बाकावर बसून तो दर खेपेला त्या डॉक्टरांची वाट पाही, आणि दर खेपेला ते हसून म्हणत, "काय, आलात का आमचे आदर्श पती?" पहिल्या खेपेला जे सांगता आलं नाही ते दुसऱ्या खेपेला सांगणं आणखी कठीण होतं. पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले आणि सांगायला माणूसच राहिला नाही.

घरी आल्यावर काही महिन्यांनी हौसानं आपलं अंथरूण पुन्हा बाहेरच्या खोलीत आणलं. त्यानं म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता पूर्वीसारखं होणार नाही, जपायला हवं. नर्सनं तिलाही तेच सांगितलं असणार. दोघं शेजारी शेजारी पडून राहिले. तानाजीचा हात स्वतःच्या छातीवर होता, तो तिकडून हलायला तयार नव्हता. मग हौसानंच तो उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचे तळवे भांडी घासून खरखरीत झालेले होते. तिला वीट आलेला नव्हता. कधीच आलेला नव्हता. जे वर्ष त्यांना अजून सगळं शक्य होतं ते वर्ष त्यानं बांधावर फिरण्यात घालवलं होतं, आणि आता तिनं हात धरला होता तो आजारी माणूस दुसऱ्या आजाऱ्याचा धरतो तसा. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. ती म्हणाली, "झोपा आता."

मग घरी बायका येऊ लागल्या. पहिली कोण आली ते त्याला माहीत नाही. विहिरीवर बोलणं झालं असेल. कल्याणच्या बाजारात भाजी विकणारी एक आली, मग खाडीपलीकडच्या गावातली, मग तानाजीच्याच कचेरीतल्या एका कारकुनाची बहीण. आतल्या खोलीत बसत, हळू बोलत. हौसा त्यांना ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेई. कुणाचं काही नसे, नुसता विटाळ पुढेमागे झालेला असे, आणि ती हसत परत येई. एकदोघींना परळला न्यावं लागलं, तिथंही हौसा गेली. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, कुठल्या नर्सशी बोलायचं, डबा कुठं ठेवायचा, सगळं तिला पाठ झालं होतं. एक बाई फार उशिरा आली होती; तिच्या घरून परतल्यावर हौसा दिवसभर कुणाशी बोलली नाही. तानाजी कचेरीतून आला की आतली कुजबुज थांबायची. मग तो काढलेल्या चपला पुन्हा पायांत सरकवी आणि अंगणात जाऊन बसे.

अशाच एका संध्याकाळी आवडाबाईच्या पुतण्याची बायको तुळसा आली. तिचा नवरा रघू तिला पोचवायला आला होता. तिशीच्या आतला, अंबरनाथच्या कारखान्यात लागलेला, तेल लावून केस मागे वळवलेला जवान. तुळसा आत गेली. रघू बाहेरच्या खोलीत तानाजीसमोर बसला, उठला, पुन्हा बसला. "काका, काय चाल्लंय आत, कवाधरशी?" तो म्हणाला.

"बोलताहेत."

"मना काय सांगत नाय ती. जवल गेलं का सरकते. माजेवर रुसली का काय तेच कल्लं नाय." आणि तो हसला, चारचौघांत असल्या गोष्टीवर पुरुष हसतात तसा, डोळे न हसता.

"आत जा," तानाजी म्हणाला.

"मी? बायकांचे मदी?"

"जा. तिला विचार."

"काय इचारू?"

"काय होतंय ते विचार. ती सांगणार नाही. पुन्हा विचार." त्याचा आवाज चढला होता. रघू बावरून उठला, पडद्यापाशी घुटमळला. आतलं बोलणं थांबलं. मग हौसाचा आवाज आला, "ये बाळा. बस हितं, तिच्याजवळ." पडदा हलला आणि पडला.

हौसानं पहिल्यापासून सुरुवात केली, तुळसासाठी आणि रघूसाठी. तानाजी बाहेर बसून ऐकत होता. पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा तिला वाटलं होतं, जड घागर उचलली म्हणून. मग वाटलं, कुणाचा शाप. मग एका रात्री नवऱ्याजवळ झोपून उठली तेव्हा चादर लाल झालेली दिसली; तशीच न्हाणीत बसून राहिली, थंड पाण्यात, कारण उठलं तर तो जागा होईल. तो किळस करील असं वाटलं. माहेरी एकीला नवऱ्यानं टाकलं होतं. अंथरूण आत नेलं त्या रात्री तोंडात पदर कोंबून रडली, जयाला कळू नये म्हणून. ही सगळी वाक्यं ती अगदी सरळ बोलत होती, आमटीला काय काय घालायचं ते सांगावं तशी. यातलं एकही वाक्य तिनं तानाजीला कधी सांगितलं नव्हतं.

"मंग काकांनी काय केला?" आत रघूनं विचारलं.

तानाजीनं खुर्चीचे हात धरले.

"त्यांच्याकडं काय दोष न्हाई," हौसा म्हणाली. "मीच सांगितलं न्हाई त्यांना. चूक माझी. तू तसं करू नगंस तुळसा. आणि तू रं, तिनं न्हाई सांगितलं तरी इचारायचं. इचारायचं ऱ्हायला न्हाई पायजे."

उठून आत जावं, पडदा बाजूला करून सांगावं, की नाही, असं नव्हतं. तानाजी अर्धा उठला. मग आत तुळसा रडू लागली, रघू तिला काहीतरी पुटपुटत समजावू लागला, आणि ती वेळ तिच्या रडण्याची होती, त्याच्या बोलण्याची नव्हती. तो बसला. थोड्या वेळानं ती दोघं बाहेर आली. रघूचे डोळे लाल झाले होते. "उंद्या खाडा करतंय," तो कुणाकडेच न पाहता म्हणाला. "ठान्याला नेतंय हिला." हौसा म्हणाली, "मी येते बरोबर. सकाळचीच निघू." अंगणातून जाताना तुळसा नेहमीसारखी मागे राहिली, तर रघू थांबला, आणि ती शेजारी आल्यावर मग चालू लागला.

हौसानं दिव्याची काच पुसली, दिवा लावला. तिच्या कानशिलाशी केस पांढरे झाले होते. ती आत जायला वळली तेव्हा तानाजी म्हणाला, "मी ऐकलं."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले जरा मोठ्यानं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; हसूही नव्हतं. "च्या ठेवू का?"

"ठेव."

ती आत गेली. तिनं त्याच्यावरचा दोष लोकांदेखत उचलून आपल्या अंगावर घेतला होता. ती माफी होती, की तो सगळा त्याला मोठ्यानं ऐकवला होता, की रघूसारख्या पोराला आत ओढून घ्यायची ती नुसती एक रीत होती? हे फक्त तिला ठाऊक होतं. तिला विचारायला हवं होतं. तो उठला, पडद्यापर्यंत गेला, तो बाजूला केला. ती खाली वाकून स्टोव्हला पंप मारत होती. "हौसा," तो म्हणाला. त्याच वेळी स्टोव्ह पेटला आणि त्याचा घरघराट सगळ्या खोलीत भरला. "काय?" तिनं वर पाहत ओठांनीच विचारलं. त्यानं काही नाही म्हणून मान हलवली.